मी अजून मोहेंजोदारोतच

चूक माझीच. कॉलेजात भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' वाचली आणि इतकी डोक्यात गेली की शाळेतल्या सरांना भेटेन तिथे त्यातला पांडुरंग सांगवीकर ऐकवायचो. सर रिटायर झाले पण ते विसरले नाहीत. दिवाळीत भेटायला गेलो तर फराळाच्या ताटाशेजारी नेमाड्यांचीच कादंबरी 'हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ' आणून ठेवली. २०१० ची, सहाशेच्या आसपास पानं, पेन्सिलीने बारीक बारीक खुणा. म्हणाले, "सावकाश वाच, घाई नाही." त्यात आम्ही जळगावचे, खानदेशातल्या माणसाने लिहिलेलं आवडलंच पाहिजे हे वेगळं प्रेशर.

वाचली मी सावकाश. होळी आली तरी सुरुवातीच्या मोहेंजोदारोच्या उत्खननातच. म्हणजे कादंबरीचा नायक खंडेराव बिचारा केव्हाच आपल्या गावी, मोरगावला पोचलाही असेल, मीच खड्ड्यात बसलोय. पान ४१ वर खूण म्हणून लाइटबिल घातलं होतं, ते भरायचंही राहिलं. साफसफाईत आईने पुस्तक सरळ माळ्यावर टाकलं, विचारलं तर म्हणते, "कव्हरवरच लिहिलंय की अडगळ."

सरांचा दर पंधरा दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅप. कुठवर आलं? आता खोटं बोलायचं नाही आणि खरंही सांगायचं नाही, तर अशा वेळी 'भाषा' हा शब्द कामाला येतो. "भाषा काय आहे सर!" पुढच्या वेळी "आवाका." तिसऱ्या वेळी "ही परत एकदा वाचायला हवी," असं लिहून बसलो आणि मग लक्षात आलं की परत वाचायला आधी एकदा वाचावी लागते.

शेवटी परवा रविवारी गेलो आणि बोलून टाकलं. "सर, नाही झेपली. ४१ पानं झाली फक्त."

सर काहीच बोलले नाहीत. काकूंनी चहा आणला. सरांनी चष्मा पुसला, हात पुढे केला, "आण इकडे," आणि पान ४२ पासून मोठ्याने वाचायला लागले. मध्येच थांबून माझ्याकडे बघायचे, मी मान हलवायचो, नववीत हलवायचो तशीच. चहावर साय धरली. पान ४९ ला पुस्तक मिटलं. "पुढच्या रविवारी पुढचं. वही आण."

मनात हिशोब केला, आठवड्याला आठ पानं, म्हणजे साधारण सत्तर रविवार.

"आणि चार भागांची आहे म्हणे ही," काकू कपबशा उचलता उचलता म्हणाल्या, "हा पहिलाच."