तयार भोकाचा मोह

जुन्या गाडीचा कार्बुरेटर उतरवून मी फ्युएल इंजेक्शन बसवलं. पंप जमला, वायरिंग जमलं. घोडं अडलं ते बोटभर सेन्सरपाशी. इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान मोजायचं, एवढंच त्याचं काम. ‘तो काय, कुठेही लागेल,’ असं मी घरात जाहीर केलं होतं. पुढचे चार रविवार ते वाक्य निस्तरण्यात गेले.

मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागाला, आटे पाडलेलं एक भोक तयारच होतं. तयार भोक म्हणजे आळशाला मिळालेला दैवी संकेत. सेन्सर फिरवून बसवला, हात पुसले, चक्कर मारली. गाडी झकास पळाली. वाटेत दहा मिनिटं थांबून पुन्हा चालू केली, तर तिला उचकी लागली. लॅपटॉप उघडून पाहिलं: हवा ७० डिग्री! बाहेर होतं ३४. सेन्सर खोटं बोलत नव्हता. त्याला ॲल्युमिनियमच्या तापल्या तव्यावर बसवलं, तर तो तव्याचीच हकिकत सांगणार. पण ईसीयू, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं ते ठरवणारा इंजिनचा कॉम्प्युटर, पडला हिशेबी. माझ्या गाडीत हवेचा प्रवाह थेट मोजणारं काही नाही. दाब आणि तापमान यांवरूनच तो हवेचा अंदाज बांधतो. गरम हवा विरळ, विरळ हवेला पेट्रोल कमी. केल्व्हिनमध्ये ३०७ भागिले ३४३, म्हणजे दहा टक्के पेट्रोल त्याने सरळ कापलं. इंजिन अर्धपोटी, मी भर रस्त्यात आणि मागे हॉर्न.

मग मी दुसरं टोक गाठलं. सेन्सर थेट पुढच्या जाळीत, अगदी मोकळ्या हवेत! आकडा लगेच ३४ वर आला. तेवढ्यावर मी खूश. गर्दीत गाडी रेंगाळली की इंजिन बॉनेटखालची तापलेली हवा ओढायचं आणि सेन्सर पुढे बसून ‘गारवा आहे, वाढा’ म्हणायचा. ईसीयू वाढत गेला. गाडीला पेट्रोलचा वास येऊ लागला, मग मला, मग कपाटालाही.

“माणसाला ताप आलाय का ते पाहायला अंगणात थर्मामीटर ठेवतं का कुणी?” बायकोने विचारलं. तिने कधी बॉनेट उघडलेलं नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

शेवटी थ्रॉटल बॉडीच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या दाराच्या, अलीकडची प्लास्टिकची नळी निवडली. नळी काढून भोक पाडलं (न काढता पाडलं तर कीस कुठे जाईल, हा विचार सुदैवाने आधी आला), रबरी ग्रोमेट बसवलं, टोक प्रवाहाच्या मधोमध. सेन्सरही बदलला. पहिल्याचं टोक पितळी टोपीत बंद होतं, त्याला बातमी उशिरा कळायची. याचं उघडं आहे. गाडी उभी राहिली की आकडा अजूनही चढतो, पण निघालं की भराभर उतरतो. एवढा रुसवा मी चालवून घेतो.

परवा मित्राचा फोन आला. त्याने टर्बो बसवलाय. मी अधिकारवाणीने सांगितलं, “टर्बो हवा दाबताना तापवतो, म्हणून ती हवा गार करणाऱ्या इंटरकूलरनंतर, थ्रॉटलच्या अलीकडे सेन्सर लाव. टर्बोच्या आधी लावलास तर गार हवा वाचून ईसीयू इग्निशन मागे घेणार नाही, म्हणजे ठिणगी उशिरा पाडणार नाही, आणि इंजिन ठोके देईल.”

त्याने सगळं शांतपणे ऐकलं.

“ते ठीक आहे रे,” तो म्हणाला, “पण मॅनिफोल्डला एक तयार भोक आहे.”