डांबरगोळ्यांनी गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढत नाही

हिंगणघाटकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "जुन्या गाडीच्या टाकीत चार डांबरगोळ्या टाका. ऑक्टेन वाढतो, पिकअप नव्यासारखा, अ‍ॅव्हरेज दीडपट." हे चुकीचं आहे.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल अवेळी पेटू नये, एवढंच त्याचं काम. आता पंपावर मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा ऑक्टेन तसाही 95 च्या घरात असतो. मारुती 800 सारख्या गाडीला त्याहून जास्त लागतच नाही.

नुकसान मात्र नक्की. गोळी नॅफ्थलीनची असेल तर ती पेट्रोलमध्ये विरघळते, पण पेट्रोल उडालं की पुन्हा खडे धरते. गॅरेजवर अशा गाडीचा कार्बोरेटर उघडला, तर तळाशी पांढरा चुरा आणि जेटच्या (पेट्रोल सोडणाऱ्या तोटीच्या) बारीक भोकात तोच बसलेला. कित्येक गोळ्या तर नॅफ्थलीनच्याही नसतात, पॅराडायक्लोरोबेंझिनच्या असतात. त्यात क्लोरीन असतं. जळलं की आम्ल तयार होतं आणि सायलेन्सर आतून खातं.

टाकीत ओतायची इंजेक्टर क्लीनरची बाटली वेगळी. चांगली असेल तर इंजेक्टरवरचा (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागावरचा) मळ काढते, पण पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा काही भरून देत नाही. गाडी निळा धूर सोडत असेल तर आधी कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासा. नाहीतर प्लग, एअर फिल्टर, टायरमधली हवा (कापसाच्या हंगामात फिल्टर किती लवकर भरतो, पाहाच).

मंडळी, तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. गोळ्या टाकून झाल्या असतील तर गाडी सुरू न करता टाकी रिकामी करून घ्या.