चेसी वाकडी की मी?

आमची जीप सरळ चालत नाही हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं, फक्त दोष माझ्या हातांना दिला जायचा. जीप म्हणजे सीजे थ्री बी, उंच बॉनेटवाली, 80 इंच व्हीलबेस, वडिलांनी हौसेनं घेतलेली. स्टेअरिंग उजवीकडे ओढून धरलं तरच नाकासमोर जायची. तीनदा अलाइनमेंट केलं, दर वेळी स्क्रीनवर सगळं हिरवंगार, आणि पुढचा डावा टायर आपला एका कडेनं झिजतोय तो झिजतोयच.

मग एकदा पावसात शेजारचे काका स्कूटरवरून मागून येत होते. म्हणाले, "अरे, ओल्या रस्त्यावर तुझ्या गाडीचे दोन नाही, चार पट्टे उमटतायत, मागची चाकं पुढच्यांच्या मागून जातच नाहीत. खेकडा पाळलायस का?"

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे नेली. त्यांनी मशीन नाही, गवंड्याचा ओळंबा काढला! गाडी स्टँडवर लेव्हलला घेतली, स्प्रिंगच्या हँगरपासून, बोल्टांच्या भोकांपासून ओळंबा सोडून फरशीवर खडूचे ठिपके मारले आणि जीप ढकलून बाजूला केली, तर खाली चक्क ठिपक्यांची रांगोळी. मग टेप तिरका धरून कर्ण मोजायचे, दोन्ही सारखे यायला हवेत (दहावीची भूमिती इतक्या वर्षांनी कामी आली). एक 18 मिलिमीटर जास्त. म्हणजे चेसीची, गाडीखालच्या लोखंडी सांगाड्याची, डावी लांब पट्टी मागं सरकलेली, जोडांचे रिव्हेट ढिले, आयताचा समांतरभुज चौकोन झालेला.

"कुणीतरी कोपऱ्यावर जोरात ठोकलीय," मिस्त्री माझ्याकडं बघत म्हणाले. मी मोबाईल काढला.

चेसी सरळ करायला आधी वरची बॉडी काढायची, तिचे बोल्ट गंजलेले, ते सोडवण्यातच तीन दिवस गेले. मी आपलं सुचवलं, गॅसनं लाल करून ओढा की. "मऊ पडंल साहेब, पुढच्या खड्ड्यात परत तिथंच वाकंल." मग थंडच, साखळी आणि हायड्रॉलिक जॅक लावून. 18 ओढलं, सोडलं, तर 11 परत! लोखंड इतकं हट्टी असतं हे मला फार उशिरा कळलं. शेवटी 30 पर्यंत ओढून ठेवलं, रात्रभर ताणावर, सकाळी सोडलं तर फरक 2. ढिले रिव्हेट काढून बोल्ट मारले.

आता जीप बाणासारखी सरळ जाते. माझे हात मात्र सवयीनं स्टेअरिंग उजवीकडेच ओढतात. परवा काकांच्या तुळशीची कुंडी गेली. काका बाहेर आले, कुंडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि विचारलं, "तो ओळंबा अजून आहे का रे मिस्त्रींकडं?"