एका पोटाचा जावई

माणसाला पोट एकच असतं, ही बातमी खान्देशात अजून पोचलेली नाही. निदान माझ्या सासरी तरी नाही. आणि सासर अमळनेर तालुक्यात, एसटी थांबते तिथे, अगदी रस्त्यालगत आहे. त्यामुळे ‘आडगाव आहे, बातम्या उशिरा येतात’ ही सबब चालायची नाही.

सरकारी कागदावर मी पशुधन पर्यवेक्षक आहे. गावोगावी लोक मला डॉक्टर म्हणतात, मीही हाक आली की वळतो. ढोरांची पोटं हा माझा बारमाही धंदा. माणसाच्या पोटाशी माझा संबंध वर्षातून एकदा, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला येतो, आणि ते पोट माझंच असतं.

गाईचं बघा. तिच्या पोटाला चार कप्पे. पहिलं कोटीपोट. मोठ्या गाईचं कोटीपोट शंभर ते दोनशे लिटरचं असतं, म्हणजे आमच्या घराच्या गच्चीवरची टाकी त्याच्यापुढे फार मिरवू शकत नाही. त्याला लागून जाळीपोट, मग पडदेपोट, आणि सगळ्यात शेवटी खरं पोट, जिथे आपल्यासारखा आम्लाचा कारभार चालतो. कोटीपोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव बिऱ्हाड करून असतात. कडब्यातला जो कठीण भाग आपल्याला जन्मात पचणार नाही, तो ते आंबवून देतात. गाय भराभरा गिळते, सावलीत जाऊन बसते आणि गिळलेलं पुन्हा तोंडात आणून निवांत चावते. दिवसातले सात-आठ तास हेच काम. तोंडात आलेला एकेक घास चाळीस-पन्नास वेळा चघळायचा, गिळायचा, पुढचा बोलवायचा. सगळ्या जीवसृष्टीत एवढं पेन्शनर आयुष्य दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेलं नाही.

माणसाचं जठर जेवल्यावर लिटर-दीड लिटरचं होतं. फारच जुलूम केला तर ते ताणून चारेक लिटरपर्यंत जातं. ही वरची मर्यादा पुस्तकात वाचली तेव्हा मला प्रश्न पडला होता, की हे मोजायला कोण तयार झालं असेल? आता पडत नाही. दात मात्र दोघांचेही बत्तीस. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे नुसती कडक गादी असते, पण दाढांनी ती हिशोब पुरा करते. सासरच्यांनी बहुधा दात मोजले आणि पुढची चौकशी केली नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझा फोन थांबत नाही. बैलाला पुरणपोळी घातलेली असते. घास-दोन घास नैवेद्य नव्हे, पाटीभर. वर डाळ, वर गूळ, घरात भात उरला असेल तर तोही. कोटीपोटातल्या सूक्ष्मजीवांना कडब्याची सवय. त्यांच्यापुढे एवढं गोड आणि पिठूळ एकदम आलं की ते झपाट्यानं आम्ल तयार करतात. मग बैल रवंथ सोडतो, चारा सोडतो, डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागचा कुशीतला खळगा, फुगते आणि मालक मला फोन लावतो. मी जाऊन खाण्याचा सोडा पाजतो, बैलाला चालवायला सांगतो आणि दरवर्षीचंच भाषण देतो. मालक मान हलवतो आणि म्हणतो, “सनना दिन शे, डॉक्टर. वरीसभर राबस तो.” याच्यावर पशुवैद्यकात उतारा नाही. त्याचं प्रेम खरं असतं. बैलाची पोटदुखीही खरी असते.

आखाजी हा आमच्याकडचा लेकींचा सण. सासरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके टांगतात, गाणी म्हणतात. लेकीसोबत जावईही येतो, कारण त्याला एकट्याला घरी ठेवला तर तो खिचडी करून खाईल आणि बदनामी सासरची होईल. वैशाखाचं ऊन, पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकलेला. सकाळी पितरांची घागर पुजली, विस्तवावर नैवेद्याची आगारी टाकली. पितर एका घासात तृप्त झाले. त्यांना कोणी “आखो”, म्हणजे ‘आणखी घ्या’, म्हटलं नाही. मला त्या क्षणी पितरांचा फार हेवा वाटला.

मग पंगत. आमरस, पुरणाचे मांडे, रशी म्हणजे आमची तिखट आमटी, भात, भजी, कुरडया. ज्यांनी मांडा फक्त ऐकला आहे त्यांच्यासाठी सांगतो: पुरण भरलेली कणकेची लाटी बायका दोन्ही हातांवर फिरवत फिरवत ताणतात. ती कोपरापर्यंत पसरली की उपड्या मातीच्या खापरावर टाकतात, खाली लाकडं धडधडत असतात. माझी सासू, जिजी, हे काम उन्हात, चुलीपुढे, न थकता करते. इतकी पातळ आणि इतकी मोठी गोष्ट हातावर टिकते कशी, हे मला अजून उलगडलेलं नाही. ती खापरावरून उतरवून घडी घालून वाढतात. सगळी गोम त्या घडीत आहे. वाढणारा म्हणतो ‘एकच मांडा’, ताटातही एकच दिसतो. घडी उलगडली की ताट दिसेनासं होतं.

मी यंदा शास्त्रोक्त पद्धतीनं जायचं ठरवलं होतं. पोट भरल्याची खबर मेंदूला पोचायला वीसेक मिनिटं लागतात. जठर ताणलं जातं, आतड्यातून संप्रेरकं सुटतात, मग वर वर्दी जाते. म्हणून हळू खायचं. गाईसारखं एकेक घास भरपूर चावायचा. त्यात माणसाची एक जास्तीची सोयही आहे: आपल्या लाळेत पिठूळ पदार्थांची साखर करायला सुरुवात करणारं विकर असतं, गाईच्या लाळेत ते नसतं. म्हणजे मांड्याचं पचन तोंडातच सुरू होणार, जठराचा भार तेवढा हलका. योजना उत्तम होती. ती फसली ती केवळ एका कारणानं. सतत चावत राहिल्यामुळे तोंड भरलेलं, आणि भरल्या तोंडानं ‘नको’ म्हणता येत नाही. शालक रसाचं पातेलं घेऊन आला, मी डोळ्यांनी विरोध नोंदवला, त्यानं वाटी भरली. वीस मिनिटांनी मेंदूला खबर पोचली तेव्हा ती शिळी झाली होती.

हात आडवा धरून उपयोग नसतो. हातावर वाढतात. वाटी उपडी करावी तर जिजीच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. आणि ढेकर? गाईला ढेकर देणं हा जीवनमरणाचा प्रश्न. कोटीपोटात तासाला कित्येक लिटर वायू तयार होतो, तो तोंडावाटे निघाला नाही तर ती फुगून मरू शकते. माणसाला ढेकर तृप्तीची पावती म्हणून येते असा माझा समज होता. सासरे, म्हणजे आबा, यांचं वाचन वेगळं आहे. मला ढेकर आली तशी ते वाढणाऱ्याला म्हणाले, “जागा व्हयनी, वाढ.”

अन्न पोटात गेल्यावर नक्की काय होतं, हे जगाला एका अपघातानं कळलं. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला जवळून बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण पोटाला आरपार भोक कायमचं राहिलं. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी संधी साधली. मांसाचे, भाकरीचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून ते त्या भोकातून जठरात सोडायचे आणि तासा-तासानं ओढून बघायचे, किती विरघळलं. माणूस चिडला की पचन बिघडतं, हेही त्यांनी तेव्हाच टिपलं आणि १८३३ साली या सगळ्यावर पुस्तक छापलं. मधल्या काळात सेंट मार्टिन एकदा डॉक्टरांना न विचारता सरळ कॅनडात निघून गेला आणि लग्न करून मोकळा झाला. माझ्या बाबतीत लग्न आधी झालं, त्यामुळे ती वाट बंद आहे.

खरं तर आदर्श पाहुणा म्हणजे शेळी. तिचे ओठ पातळ आणि हलते. ती इथला शेंडा, तिथला कोवळा पाला निवडून खुडते आणि पुढे जाते. गाय जिभेनं पेंढीच्या पेंढी ओढते, त्यात तार असो, खिळा असो, सगळं आत. मग ती तार जाळीपोटात जाऊन बसते आणि छाती-पोटामधल्या पडद्यापलीकडच्या हृदयालाही टोचू शकते. जावयाला शेळी व्हायची मुभा नसते. ‘मांडा नको, नुसती रशी घेतो’ असं मी एकदा म्हणून पाहिलं. बायकोनं झोक्यावरून असं बघितलं, की मी मांडा घेतला.

जेवल्यावर शास्त्रात वामकुक्षी सांगितली आहे, ती मला मनापासून पटते. जठराचा फुगवटा डावीकडे असतो. डाव्या कुशीवर झोपलं की आतलं आम्ल अन्ननलिकेच्या तोंडाखाली राहतं, घशाशी येत नाही. पण जावई आलाय म्हटल्यावर गल्लीतली माणसं भेटायला येतात आणि प्रत्येकाला आपल्या ढोराबद्दल फुकट सल्ला हवा असतो. मी लोडाला टेकून, कमरेचा पट्टा शर्टाखाली गुपचूप सैल करून, म्हशीच्या माजाविषयी बोलत राहिलो. पुरणातल्या तुपानं जठर रिकामं व्हायला आणखी वेळ लागतो. कूलर अंगावर घोंघावत होता. अजगर एवढं गिळल्यावर कित्येक दिवस पडून राहतो, त्याची आतडी आणि हृदयसुद्धा त्या कामासाठी मोठी होतात. अजगराला कोणी माजाविषयी विचारत नाही.

दिवस कलला तेव्हा आबा गोठ्यातून घाईनं आले. म्हैस उठत नव्हती. सकाळपासून तिच्या पुढ्यात फाटलेले मांडे, उरलेलं पुरण, पातेल्याला लागलेला भात असं काय काय पडत गेलं होतं. सण तिचाही होताच. मी वाकलो. वाकताना माझ्याच पोटातून असा काही आवाज आला, की आबांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग म्हशीकडे. तिची डावी भकाळी तट्ट फुगलेली. बोटांनी टिचकी मारली तर ढोलासारखी वाजली. गाडीच्या डिकीतून पिशवी काढली, सोडा पाण्यात कालवून सावकाश पाजला, तिला उठवून अंगणात फिरवलं. थोड्या वेळानं म्हशीनं एक प्रचंड ढेकर दिली. गोठ्यातले सगळे हसले, कोणाला त्यात जागा दिसली नाही.

मी आबांना बजावलं, की आज हिला काहीही द्यायचं नाही. दाणा नाही, ढेप नाही, भाकरीचा तुकडाही नाही. उद्या थोडा कोरडा कडबा, बस. पोटाला विश्रांती हवी, एवढाच यावर खरा इलाज आहे.

आबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. पोराला बोलावून दटावलं, “डॉक्टरनी सांगं ते ध्यानमा ठेव. कोनी काहीच टाकाचं नई हिले.” म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, दाव्याची गाठ तपासली, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “चाला डॉक्टर, हात धवा. रातले साधंच करेल शे. शेवभाजी.”