‘पहिलीच बाइक मोठी घ्या’ हा सल्ला घोडबंदर रोडवर टिकत नाही

स्पोर्ट्स बाइकचं वेड असलेल्या पोरांच्या ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरत असतो. त्याचं सार असं: पहिलीच बाइक मोठी घ्या, दीडशे-दोनशे सीसीचा सहा महिन्यांत कंटाळा येतो आणि पैसे दोनदा जातात. वेग तुमच्या मनगटात असतो, गाडीत नसतो. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक जागेवर फिरू न देणारी यंत्रणा) असलं की नवशिक्यालाही भीती नाही. सेकंडहँड म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं. नवी मुंबईत ऐरोली-महापेला नुकती नोकरी लागलेली मुलं हे वाचतात आणि थेट हप्त्याचा हिशेब मांडायला बसतात. त्यात जीव जाऊ शकतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

मनगटाचं वाक्य ऐकायला सगळ्यात जोरदार, तेव्हा आधी तेच. मनगट ताब्यात असेल तरच ते खरं. क्लिप-ऑन, म्हणजे खाली बसवलेल्या आखूड, हँडलच्या गाडीवर नवा माणूस पुढे झुकतो. मांड्यांनी टाकी धरायची असते हे त्याला माहीत नसतं, त्यामुळे अंगाचा सगळा भार तळहातांवर येतो. आता पावसाळ्यात ठाण्याच्या घोडबंदर रोडने मानपाड्याहून कासारवडवलीकडे जा. पुढचं चाक खड्ड्यात आपटतं, अंग हिसकतं आणि घट्ट आवळलेली मूठ नको त्या क्षणी थ्रॉटल पिळते. दीडशे सीसीची गाडी त्यावर थोडी ओरडते, थोडी पुढे सरकते, आणि तुम्हाला सावरायला वेळ मिळतो. सहाशे सीसीच्या चार सिलिंडरच्या गाडीचा नुसता पहिला गिअरच ताशी शंभरच्या पुढे जातो. तिथे तेवढ्याच चुकीला तुम्ही पुढच्या टेम्पोत असता. शिकताना ही चूक प्रत्येकाकडून होते, हुशार पोराकडूनही होते.

आपल्याकडे अठरा पूर्ण झालेल्या मुलाला गिअरच्या गाडीचं लायसन्स मिळालं की शंभर सीसी काय नि हजार सीसी काय, कायद्याला सारखंच. युरोपात तसं नाही. तिथे मधल्या टप्प्याच्या लायसन्सवर 35 किलोवॅट, म्हणजे साधारण 47 अश्वशक्ती, एवढीच ताकद चालवता येते आणि तीही वेगळी परीक्षा देऊन. त्या मापात आपली केटीएम 390 सुद्धा बसते, हे मान्य. पण ती त्या टप्प्याची कमाल मर्यादा आहे, सुरुवात करायची जागा नव्हे.

शिवाय ही सगळी ताकद वापरणार कुठे? अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये सुरू झाला, त्यावर दुचाकीला बंदी. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर बंदी. मग उरतो नवी मुंबईचा पाम बीच रोड, आणि तिथे रात्री वेगाचं जे चालतं ते मला बघवत नाही. ताशी 60 ने गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते, 100 ने 28 मीटर. मोराज सर्कलला कोणी आडवा आला, तर ब्रेकला बोट लागेपर्यंत एवढं अंतर संपलेलं असतं. पुढे ब्रेक लागून थांबायलाही 60 च्या तुलनेत पावणेतीन पट रस्ता लागतो. जुन्या हायवेने खोपोलीचा घाट चढून लोणावळ्याला जायला किंवा मुरबाडमार्गे माळशेजला जायला तीस-चाळीस अश्वशक्ती भरपूर झाली.

एबीएसचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच घातक. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला ते सक्तीचं आहे, म्हणजे त्यासाठी मोठी गाडी घ्यायची गरजच नाही. सिंगल चॅनल की ड्युअल, एवढं विचारून घ्या, कारण सिंगल फक्त पुढच्या चाकावर काम करतं. मुख्य गोष्ट ही की एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण रस्त्यावर नसलेली पकड ते कुठून आणणार? गायमुखच्या उतारावर सांडलेली खडी, मेट्रोच्या कामाजवळच्या ओल्या लोखंडी प्लेटा, पांढरे पट्टे, इथे टायरखालीच काही नसतं. खडीवर तर एबीएसमुळे थांबायचं अंतर वाढूही शकतं. वळणात गाडी कललेली असताना जोरात ब्रेक दाबला तर साधं एबीएस वाचवेलच असं नाही, त्यासाठीचं कॉर्नरिंग एबीएस मोजक्याच गाड्यांना येतं.

सहा महिन्यांत कंटाळा येतो म्हणणाऱ्याला मी एकच विचारतो: खोपोलीच्या घाटात वळणाच्या आधी ब्रेक संपवून, योग्य गिअरमध्ये, नजर वळणाच्या शेवटाला ठेवून गाडी काढता येते का? बहुतेकांना येत नाही, आणि ते शिकायला हलकी गाडीच लागते.

पैसे दोनदा जातात म्हणे. मग हिशेब करू. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकीला जीएसटी 18 टक्के आहे, त्याहून मोठ्या गाडीला 40 टक्के. नव्या गाडीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो आणि 2022 च्या दरांत 150 ते 350 सीसीला तो वर्षाला 1,366 रुपये होता, 350 च्या वर 2,804. मोठ्या गाडीचे चिकट रबराचे टायर लवकर झिजतात आणि महाग असतात. पार्किंगमध्ये साइड स्टँडवरून गाडी पडली की फेअरिंगचं (इंजिनाभोवतीच्या आवरणाचं) प्लास्टिक, लिव्हर, आरसा असं सगळं जातं, आणि पहिल्या वर्षी गाडी पडतेच. त्याउलट यामाहाच्या आर 15 सारखी दीडशेच्या आसपासची गाडी दोन वर्षांनी विकायला काढलीत तर गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. वाचलेल्या पैशांतून आयएसआय मार्कचं फुल फेस हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज आणि घोटा झाकणारे बूट आधी घ्या.

गाडी निवडताना शोरूममध्ये दोन्ही पाय टेकवून बसा आणि ती उभी असताना मागे ढकलून पाहा. आर 15 ची सीट 815 मिलिमीटर, सुझुकीच्या जिक्सर एसएफ 250 ची 800, कावासाकीच्या निन्जा 300 ची 780. उंची कमी असलेल्या पोराला सिग्नलवर हा फरक सीसीपेक्षा जास्त जाणवतो. आर 15 चं वजन 142 किलो, निन्जाचं 179. माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये ते 37 किलो खांद्यांना कळतात.

राहिलं सेकंडहँड. दुखणं ओळखता येतं, फक्त बघायचं कुठे ते माहीत हवं. इंजिन थंड असताना जा, मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर का, ते विचारा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि टॉर्च मारून चासीवरचा तो छोटा लोखंडी ठोकळा बघा, ज्यावर फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) येऊन अडतो. तो चेपलेला किंवा नव्याने रंगवलेला असेल तर गाडी जोरात आपटलेली आहे, फेअरिंग कितीही चकचकीत असो. फोर्कच्या नळीवर बोट फिरवा, तेल लागलं तर सील गेलं. टायरवरचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा, असं रबर पावसात धरत नाही. चासी नंबर आरसीशी ताडा, थकलेली ई-चलनं भरून घ्या. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म 35 घ्या, आणि आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत व्यवहारातली थोडी रक्कम हातात राखून ठेवा.