मोतीबिंदू मधाने विरघळत नाही

"डोळ्यांविषयी थक्क करणारी सत्ये" या मथळ्याचा संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. एरवी मी तो पुसून टाकला असता; परंतु तो वाचून माझ्या आत्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची ठरलेली तारीख रद्द केली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

संदेशातील सर्वांत घातक विधान असे: मध आणि कांद्याचा रस रोज डोळ्यांत घातल्यास चाळीस दिवसांत मोतीबिंदू विरघळतो, आणि "झोंबले म्हणजे गुण येत आहे." मोतीबिंदू हा डोळ्यावर बाहेरून चढलेला पापुद्रा आहे, असा समज यामागे दिसतो. प्रत्यक्षात गढूळ होते ते बाहुलीच्या मागचे भिंग. अंडे उकडल्यावर त्यातील पारदर्शक भाग पांढरा व्हावा, तशी त्यातील प्रथिने एकमेकांना चिकटून बसतात. ती औषधाने सुटी करण्याचे प्रयत्न झाले आहेत, एवढे मान्य करतो. लॅनोस्टेरॉल या द्रव्याने कुत्र्यांचा मोतीबिंदू कमी झाल्याचे संशोधन २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये आले होते. मात्र त्याच वर्षी 'इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी'त प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, माणसांच्या डोळ्यांतून काढलेले मोतीबिंदूचे गाभे त्या द्रावणात काही दिवस बुडवून ठेवूनही निवळले नाहीत. जे औषधात बुडवून साधले नाही, ते अश्रूंबरोबर गालावर ओघळणाऱ्या कांद्याच्या रसाने कसे साधावे? शिवाय मध निर्जंतुक नसतो. पारपटलावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, जखम होऊन ती चिघळली तर पांढरा डाग राहतो. त्यालाच आपण डोळ्यात फूल पडणे म्हणतो, आणि ते मोतीबिंदूइतके सहज काढता येत नाही.

जन्मापासून डोळा वाढतच नाही, हेही खोटे. नवजात बाळाचा डोळा पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटर असतो, प्रौढाचा सुमारे २४. पारपटलाची रुंदी मात्र पहिल्या दोन वर्षांतच जवळजवळ पूर्ण होते, त्यामुळे तसा भास होतो खरा. डोळा म्हणजे ५७६ मेगापिक्सेलचा कॅमेरा, या संदेशातल्या गोष्टीवर फार शब्द खर्चण्याची गरज नाही. बारीक अक्षर वाचता येते ते दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या, मध्यावरील जेमतेम दीड मिलिमीटरच्या खळग्यामुळे, संपूर्ण डोळ्यामुळे नव्हे.

पारपटलात रक्तवाहिन्या नसतात आणि त्याला प्राणवायू मुख्यतः थेट हवेतून मिळतो, हे संदेशातील वाक्य तेवढे बरोबर आहे. त्याच्या पुढच्याच ओळीत, त्याच पारपटलावर कांद्याचा रस घालायला सांगितले आहे.