व्यायामाला घड्याळ घालावं, पण कोणतं?

गणपतीला मुंबई-पुण्याहून येणारी मुलं हल्ली आईवडिलांसाठी स्मार्टवॉच घेऊन येतात. पाऊस ओसरला की रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, सकाळी चालायला येणाऱ्यांच्या मनगटांवर नवी काळी चौकोनी घड्याळं दिसायला लागतात आणि मग विचारणा सुरू होते. "बाई, हे घालूनच चालू का? की साधं बरं? की काहीच नको?" मी नोकरीभर शाळेत पीटी शिकवली, खो-खोचे संघ घेऊन रत्नागिरी जिल्हा पालथा घातला, गळ्यातलं स्टॉपवॉच कधी उतरलं नाही. त्यामुळे या प्रश्नावर माझं मत आहे आणि ते ठाम आहे. एकेकाला वाटेत थांबून सांगण्यापेक्षा इथे नीट लिहिते.

व्यायामाला घड्याळ घालावं. ते हलकं असावं, रेझिनच्या म्हणजे मऊ प्लास्टिकच्या पट्ट्याचं, मोठ्या आकड्यांचं, स्टॉपवॉच असलेलं साधं डिजिटल असावं. आणि घालायचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे त्यामुळे फोन हातात धरावा लागत नाही.

किती वाजले बघायला फोन काढला की पडद्यावर वेळेच्या खाली चार मेसेज असतात. एक वाचला जातो. वाचताना पावलं मंदावतात, मान खाली जाते, दुसऱ्याला उत्तर द्यायला माणूस थांबतोच. भरभर चालून जी नाडी वर आणलेली असते ती तेवढ्यात खाली येते. मी नवीन लोकांना सांगते, तीन मिनिटं भरभर चाला, एक मिनिट सावकाश, मग परत तीन मिनिटं. हे फोन बघून होत नाही. मनगट वळवलं, आकडा दिसला, पुढे चाललं, एवढं सोपं असेल तरच होतं. एकट्या चालणाऱ्या बायकांनी फोन जवळ ठेवायलाच हवा, त्यात दुमत नाही, पण तो कमरेच्या पाऊचमध्ये, आवाज सुरू ठेवून. हातात नको.

आपल्याकडे वेळेचं आणखी एक काम आहे, जे देशावरच्या मैदानात नसतं. पुळणीवर चालायचं तर ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर. वरच्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो, घोटा मुरगळतो, पोटऱ्या भरून येतात. आता ही घट्ट वाळू रोज एकाच वेळी मिळत नाही, कारण भरती दररोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमाराला पाणी चढलेलं. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारकडे आणि पहाटे ओहोटी. त्या दिवशी उजाडताना पुळण रुंद आणि कडक मिळते, पळायला त्यासारखी जागा नाही. हा ठोकताळा आहे, मिनिटाचा हिशेब नव्हे. पण उधाणाच्या दिवसांत पाणी फिरलं की झपाट्यानं वर येतं. गुहागरसारख्या लांब पुळणीवर जाताना वाळू मिळाली म्हणून परतताना मिळेलच असं नाही. खाडीच्या तोंडाशी तर अजिबात बेफिकीर राहू नये. म्हणून निघताना स्टॉपवॉच सुरू करायचं आणि ठरवलेल्या वेळेचा अर्धा भाग झाला की वळायचं, मग गप्पा कितीही रंगलेल्या असोत.

आता ठोक्यांबद्दल. सेकंद दाखवणारं कुठलंही घड्याळ नाडी मोजतं, बोटं तेवढी आपली लावायची. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या आतल्या बाजूला दुसऱ्या हाताची मधली दोन बोटं टेकवा, अंगठा नको. 15 सेकंद ठोके मोजा, चाराने गुणा. 27 आले तर 108. शाळेतली पाचवीतली मुलं हे दोन दिवसांत शिकतात. आणि मोजायचं नसेल तर बोलून बघा. चालताना शेजारच्याशी बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर जोर मध्यम आहे आणि तेवढा बहुतेकांना पुरतो. दोन शब्दांत दम लागतोय तर जोर जास्त आहे. हृदयाचे जास्तीत जास्त ठोके काढायला 220 मधून वय वजा करायचं सूत्र बऱ्याच घड्याळांत भरलेलं असतं. ते 1971 च्या सुमारापासून चालत आलंय आणि सरासरीपुरतं ठीक आहे, पण एकेका माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. तेव्हा पडद्यावर लाल पट्टी आली म्हणून घाबरून बसून जाण्याचं कारण नाही, आणि हिरवी आहे म्हणून छातीत दुखत असताना चालत राहण्याचं तर मुळीच नाही. छातीत दुखलं, जबडा किंवा डावा हात भरून आला, तर घड्याळाकडे न बघता थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा.

पावलांच्या आकड्यानं मात्र मला खरोखर काळजी वाटते. आमच्या गटातल्या एक काकू, गुडघ्यांचा त्रास असलेल्या, रात्री जेवण झाल्यावर अंगणात तुळशीभोवती फेऱ्या मारताना दिसायला लागल्या. का, तर 10,000 भरत नव्हते, आणि भरले नाहीत की मुलाला त्याच्या फोनवर कळतं. हा 10,000 चा आकडा कुठल्याही डॉक्टरांनी तपासून काढलेला नाही. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती, तिथून तो जगभर पसरला. पुढे 2019 मध्ये अमेरिकेत सरासरी 72 वर्षांच्या बायकांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला साधारण 4,400 पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं आणि 7,500 च्या पुढे फायदा वाढत नव्हता. हे मी काकूंच्या मुलाला फोन करून सांगितलं. त्यानं घड्याळातलं लक्ष्य कमी करून ठेवलं. प्रेमानं दिलेली वस्तू आहे ती, तिचा जाच होऊ द्यायचा नाही.

जळलेल्या कॅलरीचा आकडा तर सोडूनच द्या. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये मनगटावरची सात यंत्रं तपासली. ठोके बहुतेकांनी बऱ्यापैकी बरोबर मोजले, कॅलरीत मात्र सगळ्यात चांगल्या यंत्राची चूक सरासरी 27 टक्के होती आणि सगळ्यात वाईटाची 93. त्या आकड्यावर विसंबून कुणी दोन घावन जास्त खात असेल तर त्यानं खुशाल खावेत, पण घड्याळाच्या हिशेबानं नको. ठोकेसुद्धा घड्याळ हिरवा प्रकाश कातडीत टाकून, रक्ताची ये-जा बघून मोजतं. पट्टा सैल असला, मनगट वाकलं, मूठ आवळली की ते गडबडतं. म्हणून पट्टा मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर आणि जरा घट्ट बांधावा लागतो. डंबेल्स उचलताना त्या आकड्याकडे बघूच नये. ज्याला ठोके काटेकोर हवे आहेत त्यानं छातीला बांधायचा पट्टा घ्यावा, तो हृदयाची विद्युत स्पंदनं थेट पकडतो.

मग स्मार्टवॉच कुणी घालावं? हृदयाच्या तक्रारीसाठी डॉक्टरांनी सांगितलं असेल त्यानं. पडल्यावर घरच्यांना कळवणारी सोय हवी असेल अशा एकट्या राहणाऱ्या वयस्क माणसानं, आणि आपल्याकडे मुलं बाहेर असलेली अशी घरं आता वाडीवाडीत आहेत. हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यानं, कारण त्याला अंतर आणि किलोमीटरमागचा वेळ लागतो. बाकी रक्तातली साखर सुई न टोचता सांगणारं म्हणून कुणी घड्याळ विकत असेल तर घेऊ नका. असं कुठलंही घड्याळ मान्यताप्राप्त नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, फेब्रुवारी 2024 मध्ये दिलेला आहे. मधुमेहाची औषधं त्या आकड्यावर कमीजास्त करणं जीवावर बेतू शकतं.

साध्यामध्ये कोणतं? कॅसिओचं एफ-91डब्ल्यू 1989 पासून मिळतंय, वजन जेमतेम 21 ग्रॅम, सेल सात वर्षांच्या आसपास टिकतो. हातात आहे हे विसरायला होतं. दोन उणिवा मात्र आहेत, लाइट मिणमिणता आहे आणि स्टॉपवॉच एक तास झाला की पुन्हा शून्यावर येतं. समुद्रात उतरणार असाल तर त्याच कंपनीचं डब्ल्यू-800एच बघा, पाण्यासाठी 100 मीटरचं आहे, आकडे मोठे, सेल दहा वर्षांचा. जी-शॉक 1983 पासूनचं, मजबूत, दगडावर आपटलं तरी चालतं, पण बारीक मनगटावर ते जड आणि उंच होतं. कुठल्याही कंपनीचं घ्या, सुरुवातीला सांगितलेल्या गोष्टी असल्या म्हणजे झालं.

बायकांना एक वेगळं सांगायचंय. दुकानात गेलं की आपल्यापुढे लेडीज म्हणून ठेवतात ते रुपयाएवढ्या डायलचं, सोनेरी साखळीचं, सेकंदकाटा नसलेलं. त्यात ना नाडी मोजता येते ना पहाटेच्या अंधारात वेळ दिसते. सरळ मुलांच्या किंवा पुरुषांच्या कपाटातलं डिजिटल मागा. लग्नातलं घड्याळ लग्नकार्याला घाला.

आपल्या हवेत धातू आणि चामडं व्यायामाला चालत नाही, हे मी अनुभवानं सांगते. चामड्याचा पट्टा घामानं आणि जून-जुलैच्या दमटपणानं आतून काळा पडतो, वास मारतो, शिवणीत हिरवट बुरशी धरते. सोनेरी घड्याळाच्या मागे ‘स्टेनलेस स्टील बॅक’ कोरलेलं असतं, त्याचा अर्थ फक्त मागचं झाकण स्टीलचं आहे, बाकी साध्या धातूवर मुलामा. खारा वारा आणि घाम मिळून तो मुलामा पट्ट्याजवळच्या कोपऱ्यांपासून उडवतात. खालच्या निकेलनं मग कातडीला खाज सुटते. चांगल्या स्टीललाही फटीत साचलेलं मीठ खातं. 316एल जातीचं स्टील त्यातल्या मॉलिब्डेनम धातूमुळे जास्त तग धरतं, पण मीठ तसंच ठेवलं तर तेही डागाळतं.

माझ्या वडिलांचं एचएमटी जनता माझ्याकडे आहे. रोज चावी देते, रोज चालतं. डायलवर पॅरा शॉक लिहिलेलं आहे, म्हणजे पडझडीत आतल्या चक्राचा नाजूक आस वाचावा अशी सोय. तरी ते घालून मी कधी पुळणीवर गेले नाही, जाणारही नाही. घामाला आणि वाळूला ते बनवलेलं नाही, आणि 2016 मध्ये एचएमटीची घड्याळ कंपनी बंद झाल्यापासून अस्सल सुटे भाग जपून वापरावे लागतात. आजोबा-वडिलांचं घड्याळ घालून बॅडमिंटन खेळणाऱ्या तरुणांना माझी कळकळीची विनंती आहे, मनगटाला बसणारे ते झटके त्या यंत्राला सोसत नाहीत.

पाण्याचे आकडे नीट वाचा. 30 मीटर म्हणजे हात धुणं आणि पावसाचे शिंतोडे, पोहणं नव्हे. पोहायला निदान 50, समुद्रात लाटांत 100. हे मीटर प्रयोगशाळेत स्थिर दाबाखाली मोजलेले असतात. आणि पाण्यात असताना बटण दाबायचं नाही, तिथूनच पाणी आत शिरतं.

काही ठिकाणी घड्याळ काढायचंच. खो-खो, कबड्डीत तर माझ्या मैदानावर कुणाच्या हातात कडंसुद्धा चालत नसे, कारण झडप घालताना दुसऱ्याची कातडी सोलवटते. मल्लखांबावर नाही. विहिरीवर रहाटाचा दोर ओढताना नाही, माडावर चढताना नाही. सूर्यनमस्कारात आणि जोर काढताना मनगट मागे वाकलं की चावी थेट हाताच्या पाठीत रुतते. तेव्हा घड्याळ उतरवून समोर चटईवर ठेवा, वेळ दिसत राहते.

शेवटी निगा. घरी आल्यावर नळाखाली गोड्या पाण्यानं धुवा, गरम नको. पट्टा जिथे अडकतो तिथली स्प्रिंगची पिन बघा. मिठाची पांढरी खर धरलेली असते, बारीक वाळू असते, तांबूस गंजाचा ठिपका दिसला की पिन बदला, पाच-दहा रुपयांची वस्तू आहे आणि ती तुटली की घड्याळ वाळूत जातं, सापडत नाही. जुन्या टूथब्रशनं तिथे दोनदा फिरवलं की काम होतं. हात पुसून कोरडा करून मगच परत बांधा, नाहीतर पट्ट्याखाली घामोळं उठतं. सेल बदलायचा असेल तर मे महिन्यात बदलून घ्या आणि झाकणाखालची रबरी रिंग त्याच वेळी नवी घालायला सांगा. आषाढात झाकण उघडलं की दमट हवा आत कोंडते आणि काचेवर आतून धुकं धरतं.